सांडपाण्याच्या नदीवर पाणपक्षी दिसला तर...

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले की लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाट लागते. इथे मुळा-मुठेवर एक बुटका बंधारा आहे. अख्ख्या शहराचे सांडपाणी पोटात घेऊन आलेली नदी या बंधाऱ्यावरून खाली पडते तेव्हा तिला फेस येतो आणि वाऱ्याबरोबर त्याचे पुंजके काठावर उडून येतात. खडकांना प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, चिंध्या अडकलेल्या असतात. पहिल्यांदा आलेला माणूस नाकाला रुमाल लावतो. आणि डिसेंबरच्या सकाळी याच पाण्याच्या कडेला खडकांवर नारिंगी चक्रवाकांच्या जोड्या बसलेल्या असतात. थोडे खाली संथ पाण्यात थापट्या बदकांचा थवा, उथळात लांब गुलाबी पायांचे शेकाटे, चिखलात शेपूट हलवत फिरणारे तुतवार.

असे दृश्य पाहिलेल्यांच्या तोंडून दोनच गोष्टी ऐकू येतात. एक म्हणजे, ‘बघा, नदी म्हणावी तेवढी वाईट नाही, नाहीतर एवढे पक्षी आले असते का?’ आणि दुसरी, ‘बिचारे वाट चुकले असतील.’ दोन्ही खरे नाही. पक्षी वाट चुकून सलग कित्येक हिवाळे एकाच बंधाऱ्याखाली येत नाहीत. आणि पक्षी आले म्हणून पाणी चांगले असा दाखला मिळत नाही. शहराखालच्या घाण पाण्यात, कारखान्यामागच्या नाल्यात, जलपर्णीने झाकलेल्या पात्रात, म्हणजे आपल्या मते जिथे पाणपक्षी असायला नको तिथे तो दिसला, तर त्याचे नाव शोधून थांबू नका. तो तिथे करतोय काय, हे पाहा आणि लिहून ठेवा. नाव पुस्तकात केव्हाही सापडेल. त्या सकाळी तो पक्षी पोहत होता, चरत होता, की नुसता खडकावर झोपला होता, हे तुम्ही लिहिले नाही तर पुन्हा कुठे मिळणार नाही. या लेखातल्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीसाठी आहेत.

आधी हे पक्षी अशा पाण्यावर का येतात, ते समजून घेऊ. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असते. त्यावर शेवाळ आणि सूक्ष्म जीव वाढतात. तळाच्या गाळात कुजणारे सेंद्रिय द्रव्य साचते आणि पाण्यातला प्राणवायू उतरतो. बहुतेक मासे आणि जलकीटक अशा पाण्यात तग धरत नाहीत, पण काही जीवांची तिथे चैन होते. डासांसारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या लाल अळ्या त्यातल्याच. त्यांच्या शरीरात आपल्या रक्तासारखेच हिमोग्लोबिन असते, म्हणून अगदी कमी प्राणवायूतही त्या जगतात आणि म्हणूनच लाल दिसतात. स्पर्धा करणारे आणि खाणारे मासे कमी झाले की गाळात या अळ्या खच्चून भरतात. शेकाट्याला आणि तुतवाराला आयते ताट मिळते. खेरीज शहराजवळच्या नदीला उन्हाळ्यातही पाणी असते आणि बंदूक घेऊन फिरणारे कोणी नसते. मासेमारीही बेताचीच. पक्ष्याच्या हिशेबात हे सगळे येते, पाण्याचा वास येत नाही.

पण अशा पाण्याने सगळ्यांचेच भागत नाही. कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत खालचा मासा हेरतो आणि सूर मारतो. नदी सुरय पिवळी चोच खाली रोखून पात्रावरून फेऱ्या घालतो. दोघांचीही शिकार नजरेवर चालते. पाणी काळे आणि वर फेसाचा थर असेल तर त्यांना मासा दिसणार कसा? म्हणून घाण पाण्यावर गेलात की आलेल्यांची यादी करताना न आलेल्यांकडेही लक्ष द्या. शंभर शेकाटे आणि एकही कवड्या खंड्या नाही, ही नोंद त्या पाण्याबद्दल पुष्कळ सांगते.

आता प्रत्यक्ष काठावर. अशी जागा शोधायला दूर जावे लागत नाही. गावाखालचा पहिला बंधारा, जुना फरशी पूल, नाला नदीला मिळतो ते तोंड, मैलाशुद्धीकरण केंद्रातून पाणी सुटते ती जागा, वाळूचे किंवा गाळाचे बेट, यांतले एखादे जवळपास असतेच. जिथे पाणी पायाच्या घोट्याइतके उथळ आहे आणि काठ उतरता आहे, तिथे पक्षी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. दगडी भिंत थेट पाण्यात उतरली असेल तिथे फारसे काही मिळत नाही.

उभे कुठे राहायचे, हे प्रकाशावर ठरवा. मुळा-मुठा पुण्याखाली साधारण पश्चिमेकडून पूर्वेला वाहते, म्हणजे तिचे काठ उत्तर-दक्षिण येतात. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेला कललेला असतो. दक्षिण काठावर उभे राहून उत्तरेकडे पाहिले की ऊन पाठीवर राहते आणि पक्ष्याचा रंग जसा आहे तसा दिसतो. हीच पाहणी उत्तर काठावरून केली तर चकाकत्या पाण्यावर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतील आणि तिथेच ओळखीच्या निम्म्या चुका होतील. तुमची नदी दक्षिणोत्तर वाहत असेल तर सकाळी पूर्वेच्या आणि संध्याकाळी पश्चिमेच्या काठावर थांबा.

सूर्योदयानंतरचे दोन तास उत्तम. फार लवकर गेलात तर थंडीच्या दिवसांत पाण्यावर धुके असते. दुर्बीण आठ पट मोठे दाखवणारी आणि बेचाळीस मिलीमीटर भिंगाची असली की पुरे. त्यापेक्षा ताकदवान दुर्बीण हातात थरथरते. मोठ्या लेन्सचा कॅमेरा नसला तरी काही अडत नाही. दुर्बिणीच्या काचेला मोबाइल टेकवून काढलेला फोटो सुंदर नसतो, पण पुरावा म्हणून चालतो. कपडे मातकट रंगाचे आणि बूट बंद हवेत. चपला घालून या काठावर जाऊ नका. गाळात काच, सुया, तारा असतात. शेवाळलेल्या फरशीवरून घसरून सांडपाण्यात पडणे ही गंमत नाही. परत आल्यावर हात साबणाने धुवायचे, त्याआधी डबा उघडायचा नाही. पावसाळ्यात आणि वर धरणातून विसर्ग चालू असताना पात्रात उतरू नका. पुण्याला खडकवासल्याचे पाणी सोडले की बंधारे पाहता पाहता बुडतात.

पक्ष्यांपासून किती लांब थांबायचे, हे मीटरमध्ये सांगता येत नाही. पक्षीच सांगतात. चरत असलेल्या बदकांनी एकदम माना वर केल्या आणि सगळी एकाच दिशेला हळूहळू सरकू लागली, तर तुम्ही प्रमाणापेक्षा जवळ आला आहात. चार पावले मागे या आणि पाच मिनिटे हलू नका. माना पुन्हा खाली जातात. उडवून फोटो घेण्याचा मोह ज्यांना आवरत नाही, त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. चक्रवाक लडाख, तिबेट किंवा मध्य आशियातून इथे आलेला असतो आणि मार्च-एप्रिलमध्ये त्याला परत हिमालय ओलांडायचा असतो. अंगावर चरबी साठवायला त्याच्याकडे हे चार-पाच महिनेच असतात. दिवसातून दहा वेळा दहा जणांनी उडवले तर ती साठायची कशी? ड्रोन तर नदीकाठी नेऊच नका.

ओळखीच्या बाबतीत पहिली शंका नेहमी पाळीव बदकाची घ्या. शहराजवळच्या नदीवर घरची, शेतावरची, कोणी सोडून दिलेली बदके सर्रास असतात. ‘खाकी कॅम्पबेल’ जातीचे तपकिरी बदक पाहून अनेकांना काहीतरी दुर्मीळ सापडल्याचा भास होतो. पाळीव बदकाचा मागचा भाग जड असतो, ते ताठ उभे राहते, नराच्या शेपटीवर वर वळलेली एक-दोन पिसे असतात आणि ते सहसा नीट उडत नाही. चोचीवर गाठ असलेला पांढरा किंवा करडा हंस हा चिनी जातीचा पाळीव हंस. खरा रानटी हंस, म्हणजे पट्टकादंब, वेगळाच दिसतो. त्याच्या पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असतात, चोच आणि पाय पिवळे-नारिंगी. हा हिमालयावरून जाणारा पक्षी आहे आणि पुण्याजवळच्या नदीकाठी, उजनी धरणाच्या फुगवट्यावर तो हिवाळ्यात दिसतो.

हळदी-कुंकू बदक ओळखायला सोपे. चोचीच्या टोकाला हळदीचा पिवळा आणि मुळाशी कुंकवाचा लाल ठिपका. ते इथलेच, बारमाही. चक्रवाक सगळा नारिंगी, डोके फिकट, शेपूट काळी. उडाला की पंखावर पांढरा मोठा पट्टा झळकतो. अडई बदकही तांबूस असते, पण लहान असते, त्याचे पंख गडद असतात, त्यावर पांढरा पट्टा नसतो आणि उडताना ते शिटी वाजवल्यासारखे ओरडते. चक्रवाकाच्या मोठ्या, नाकातून आल्यासारख्या ‘आंग् आंग्’ हाकेशी त्याची गल्लत होणार नाही. चक्रांग आणि भुवई बदकाच्या माद्या मात्र चांगल्या सरावलेल्यांनाही फसवतात. दोघीही तपकिरी, दोघीही लहान. भुवईच्या मादीच्या चेहऱ्यावर फिकट-गडद रेघा अधिक ठळक असतात. खात्री नसेल तर ‘लहान तपकिरी बदक, मादी’ एवढेच लिहा. त्यात कमीपणा नाही. चुकीच्या नावापेक्षा अपुरे नाव चांगले.

नावे प्रदेशागणिक बदलतात, हेही ध्यानात असू द्या. मारुती चितमपल्लींनी ‘पक्षीकोशा’त एकेका पक्ष्याची किती तरी नावे नोंदवली आहेत. काठावर जाळे टाकणाऱ्या भोयांना, शेजारच्या उसाच्या मालकाला तिथले नाव विचारा आणि तेही वहीत टिपा. हे पक्षी पूर्वीपासून येतात का, कधीपासून वाढले, कुठले यायचे बंद झाले, पूर्वी जाळ्यात कोणते मासे लागायचे आणि आता चिलापीशिवाय काय लागते, ही माहिती त्यांच्याइतकी कोणाकडेच नसते. तीस वर्षे त्या काठावर उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे, त्याला विचारून, तारखेसह लिहून घेणे हेही पक्षीनिरीक्षणच आहे.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. एक पक्षी निवडा आणि पंधरा मिनिटे फक्त त्याच्याकडे पाहा. थापट्या घ्या. नराचे डोके चकचकीत हिरवे, छाती पांढरी, कूस तांबूस. मादी तपकिरी. दोघांचीही चोच टोकाला पसरट, डोक्याच्या मानाने अवजड. या चोचीच्या आतल्या कडेला दोन्ही बाजूंनी शंभराहून अधिक बारीक दाते असतात. चोच अर्धी पाण्यात बुडवून पक्षी पुढे पोहत राहतो, टोकाकडून पाणी आत घेतो आणि कडांनी बाहेर सोडतो. पाण्यातले सूक्ष्म कवचधारी, शेवाळ, बिया या दात्यांत अडकतात. पोह्यांच्या चाळणीत फोलकट राहावे तसे. नीट पाहिलेत तर आणखी एक गोष्ट दिसेल. आठ-दहा थापटे एकामागे एक गोल गोल फिरू लागतात, प्रत्येकाची चोच पुढच्याच्या पायांजवळ. पुढच्याच्या पायांनी ढवळून वर आलेले अन्न मागचा गाळून घेतो. हा फेर दिसला तर वहीत जरूर लिहा. कारण त्याचा अर्थ असा की या पाण्याच्या वरच्या थरात सूक्ष्म जीव भरपूर आहेत आणि थापट्या तिथे नुसता विसाव्याला आलेला नाही, जेवायला आलेला आहे.

मग नजर चक्रवाकाकडे न्या. तो खडकावर बसलेला दिसेल. कदाचित पाठीत चोच खुपसून झोपलेला. अर्ध्या तासात तो एकदाही पाण्यात चोच घालणार नाही. चक्रवाक मुख्यतः कोवळे गवत, कोंब आणि शेतातले दाणे खातो आणि पुष्कळदा तिन्हीसांजेनंतर चरायला निघतो. जुन्या काव्यात रात्री विरहाने व्याकूळ होणारी ही जोडी प्रत्यक्षात रात्री जेवणाच्या शोधात असते. म्हणजे कवडीपाटला त्याला पाणी नव्हे, पाण्याने वेढलेला, कुत्र्यांपासून सुरक्षित खडक हवा असतो, आणि आसपासची शेते. ‘नदीत चक्रवाक आहेत, म्हणून पाणी बरे आहे’ हे म्हणणे इथेच कोसळते. चक्रवाकाने पाण्याबद्दल काहीच सांगितलेले नाही. त्याने खडकाबद्दल सांगितले आहे.

शेकाट्याचे आणखी वेगळे. त्याच्या पायांची लांबी ठरवते की तो किती खोल पाण्यात उतरू शकतो. तुतवाराला त्याहून उथळ पाणी लागते, टिटवी काठाच्या ओल्या मातीत फिरते. एकाच काठावर पाण्याच्या खोलीप्रमाणे या पक्ष्यांच्या रांगा लागलेल्या दिसतात. पात्र खोदून सरळ केले आणि काठाला भिंत बांधली की ही उतरती पट्टी जाते आणि तिच्याबरोबर सगळ्या रांगा जातात. पाणी मग कितीही शुद्ध केले तरी शेकाटा परत येत नाही, कारण त्याला उभे राहायला जागा उरत नाही. अनेक शहरांत नदीकाठ बांधून काढण्याची कामे चालू आहेत किंवा ठरली आहेत. पाणी स्वच्छ झालेच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण काठ तासून काढणे म्हणजे नदी स्वच्छ करणे नव्हे, असे माझे ठाम मत आहे, आणि ते मांडायला आपल्या हातात नोंदी लागतात.

नोंद कशी असावी, याचा एक नमुना देतो. आकडे कल्पित आहेत, पद्धत पाहा:

‘बंधाऱ्याखाली, दक्षिण काठ. सकाळी ७.१० ते ८.२५. आकाश निरभ्र, वारा नाही. पाणी काळपट, वर फेसाचा थर, पातळी फरशीच्या दोन वीत खाली. चक्रवाक १४ (मोजले), सगळे खडकांवर, १२ झोपलेले, २ पिसे साफ करताना. थापट्या सुमारे ६० (अंदाज), गोल फिरून चरत. शेकाटे ३२ (मोजले), काठापासून दोन-तीन पावलांच्या पट्ट्यात, अखंड टोचत. तुतवार ४. नदी सुरय नाही. कवड्या खंड्या नाही. ७.५० ला कुत्री पात्रात, चक्रवाक उडून पलीकडे, दहा मिनिटांत परत.’

यात फार अवघड काही नाही. पण पाच वर्षांनी वाचणाऱ्याला या चार ओळींतून जे कळेल, ते शंभर फोटोंतून कळणार नाही. ‘मोजले’ आणि ‘अंदाज’ हे दोन शब्द वेगळे ठेवा. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजा, तेवढ्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत भरून घ्या आणि त्या मापाने पूर्ण थवा मोजा. दोनदा मोजा, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. ‘खूप’, ‘शेकडो’, ‘भरपूर’ हे शब्द नोंदवहीत नकोत.

अगदीच अनपेक्षित काही दिसले तर? समजा, समुद्रकाठचा कुरव तुमच्या गावाच्या नदीवर. तो दिसू शकतो. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, समुद्रापासून इतक्या आत, तपकिरी डोक्याचे कुरव दर हिवाळ्यात येतात, आणि खाऱ्या दलदलीत शोभावेत असे रोहितही याच फुगवट्याकाठच्या भिगवणच्या गोड्या पाण्यात चरताना दिसतात. मुळा-मुठेचे पाणी भीमेतून त्याच जलाशयात जाते. ठाण्याच्या खाडीचे उदाहरण तर जगजाहीर आहे. दाट वस्तीच्या, सांडपाणी मिसळणाऱ्या खाडीत हजारो रोहित येतात. २०१५ साली ती रोहित अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला. तेव्हा ‘हा पक्षी इथे असूच शकत नाही’ असे म्हणून नोंद टाकू नका, आणि पहिल्या क्षणी ‘दुर्मीळ! दुर्मीळ!’ म्हणून समूहावर जाहीरही करू नका. आधी तीन-चार बाजूंनी फोटो काढा, उडतानाचा एक हवाच. चोचीचा आणि पायांचा रंग लिहा. शेजारी ओळखीचा पक्षी असेल तर त्याच्याशी आकाराची तुलना लिहा. पुस्तक नंतर उघडा. पुस्तक आधी उघडले की डोळे पुस्तकातले चित्र पाहू लागतात, समोरचा पक्षी नव्हे.

पायात कडे किंवा मानेत रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला तर तो क्षण सोडू नका. पट्टकादंबांच्या मानेत अशी अक्षरे असलेली पट्टी कधी कधी दिसते. पट्टीचा रंग, अक्षराचा रंग, अक्षरे आणि आकडे, कडे असेल तर डाव्या की उजव्या पायात, हे सगळे लिहा. एखादे अक्षर दिसले नसेल तर तिथे टिंब द्या, अंदाजाने भरू नका. ही माहिती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवता येते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने देशातल्या पक्ष्यांना कडी घालण्याचे काम दीर्घकाळ केले आहे.

एरवीच्या नोंदी ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. जागा नकाशावर नेमकी दाखवा, सुरुवातीची वेळ आणि किती वेळ थांबलात ते भरा आणि ‘दिसलेले सगळे पक्षी नोंदवले आहेत का’ या प्रश्नाला खरे उत्तर द्या. हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सगळे नोंदवले असतील तरच जे नाही ते खरोखर नव्हते, असे म्हणता येते. वर कवड्या खंड्याबद्दल जे लिहिले त्याचा उपयोग इथे होतो. वागणुकीची ओळ शेऱ्यात लिहा, आणि पाण्याच्या रंगाची, फेसाचीही. अनपेक्षित नाव भरले की तिथले जाणकार तपासणीसाठी तपशील मागतात. त्यात अविश्वास नसतो. काढलेला फोटो आणि लिहिलेले वर्णन पाठवा.

एक काळजीची गोष्ट सांगायला हवी. सांडपाण्याच्या काठावर कधी मेलेले किंवा अर्धमेले पक्षी सापडतात. गरम, प्राणवायू नसलेल्या गाळात एक विषारी जिवाणू वाढतो. त्याच्या विषाने पक्ष्याचे पाय, मग पंख लुळे पडतात आणि शेवटी मान उचलता येत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात राजस्थानातल्या सांभर तळ्यात याच रोगाने हजारो पाणपक्षी मेले. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला होता, तोही विसरता येत नाही. म्हणून मान टाकलेला पक्षी दिसला तर दया येऊन त्याला उचलू नका, घरी नेऊ नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. लांबून फोटो घ्या, किती आहेत ते मोजा आणि १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर कळवा. एकाच जागी तीन-चार मेलेले सापडले तर त्याच दिवशी कळवा, दुसऱ्या दिवशीवर टाकू नका.

काठावर येऊन पक्ष्यांना शेव, गाठी, पाव टाकण्याची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी रूढ होत आहे. कुरव तर हवेतच झेलतात, म्हणून लोकांना आनंद वाटतो. कृपा करून टाकू नका. मिठाचे आणि तेलाचे हे खाणे त्यांचे नाही आणि उरलेले पाण्यात कुजते.

एप्रिल-मे महिन्यांत या काठावर येणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. हिवाळी पाहुणे गेलेले असतात, पण नदी सुरय, टिटवी, करवानक वाळूच्या आणि गोट्यांच्या बेटांवर घरटे करतात. घरटे म्हणजे जमिनीतला नुसता खळगा आणि अंडी आसपासच्या खड्यांच्या रंगाची. पायाखाली आली तरी कळत नाहीत. बेटावर उतरूच नका. डोक्यावर टिटवी किंवा सुरय ओरडत घिरट्या घालू लागला तर तुम्ही घरट्याजवळ आहात. आल्या पावलांनी मागे फिरा, कारण उन्हाळ्याच्या दुपारी आईबाप उडून गेले की उघड्या अंड्यांना ऊन सहन होत नाही. त्याच बेटांवरून वाळू उपसली जात असेल तर तारीख, जागा आणि फोटोसह तहसील कार्यालयाला कळवा.

पावसाळ्यात पात्र भरून वाहते तेव्हा पक्षी पांगतात. पाणी उतरले की खडक, बेटे आणि उथळ पट्टी यांची मांडणी बदललेली असते. ऑक्टोबरच्या पहिल्या फेरीत काठाचे एक साधे रेखाचित्र वहीत काढा, कुठे खडक, कुठे चिखल, कुठे जलपर्णी. पुढच्या सगळ्या नोंदी त्या चित्राशी जोडता येतात. आणि जागा एकच निवडा, घरापासून जवळची, महिन्यातून एकदा तरी जाता येईल अशी. दहा प्रसिद्ध पाणथळींवर एकेकदा जाण्यापेक्षा गावाखालच्या एका बंधाऱ्यावर वर्षभर जाणे माझ्या मते अधिक मोलाचे. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते आणि ती बहुतेककरून नामांकित तलाव-जलाशयांवर केली जाते. सांडपाण्याच्या नद्या त्यात अनेकदा सुटून जातात. तुमची जागा त्यात यावी असे वाटत असेल तर डिसेंबरातच तुमच्या भागातल्या पक्षीमित्रांच्या गटाकडे चौकशी करा आणि वर्षभराच्या नोंदी सोबत न्या.